काळ्या कॅसेटमधला पंखा

“यातलं एक अक्षर तुम्हाला खरं वाटायचं नाय, आधीच सांगून ठेवतो. बंद पडलेल्या पंख्यानं साक्ष दिली आणि ती एका शिपायानं ऐकली, म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा. तुमच्यापेक्षा लई शिकलेली माणसं हसून गेली या बाकावरनं.”

कॉलेजच्या फाटकासमोर कडूबाची चहाची टपरी. तिथल्या बाकावर काळी घोंगडी चौपदरी घालून म्हातारा रोज दुपारी बसायचा. त्याला नाव होतं, पण पोरं नुसतं ‘बाबा’ म्हणत. त्या दिवशी स्नेहसंमेलनाची तयारी होती, म्हणून टपरीवर गर्दी. स्पीकरचे खोके घेऊन आलेली एक गाडी फाटकाशी उभी होती आणि तिचा मालक, चाळिशीचा, डोक्यावर टोपी ओढलेला, पलीकडच्या बाकावर टेकून फाटक उघडायची वाट बघत होता.

“त्या गाडीवाल्यालाबी एक कप दे रे, कडूबा,” म्हातारा म्हणाला. “ऐकायला माणूस वाढला की गोष्ट सरळ चालती.”

“तुमची गोष्ट अन् सरळ?” कडूबा चहा गाळत म्हणाला. “चालू द्या.”

१

ते लोडशेडिंगचं वर्ष. दसऱ्यानंतरचा गुरुवार, सकाळचे अकरा. व्हिडिओ विभागातल्या एडिटिंगच्या खोलीत द्वारकानं आपली कॅसेट मशीनमध्ये घातली, बटण दाबलं, आणि पडद्यावर काळं आलं.

तिनं पुढं पळवून पाहिलं. काळं. मागं नेलं. काळं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अमावस्येशिवाय काही नव्हतं.

द्वारका फुलंब्रीची. रोज सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची. वर्षअखेरची फिल्म तिनं आपल्या आत्यावर केली होती. आत्या म्हणजे वच्छलाबाई. शहराच्या बसस्थानकात एकतीस वर्षं माइकवर बसून गाड्या पुकारणारी बाई. तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, पण आवाज कन्नडपासून पैठणपर्यंत सगळ्यांना पाठ. तीस सप्टेंबरला ती निवृत्त झाली. शेवटची गाडी पुकारली, माइकचं बटण बंद केलं, आणि त्या बंद माइकला जवळ ओढून हळूच म्हणाली, “सावकाश जा.”

ते दोन शब्द या कॅसेटमध्ये होते. दुसरीकडं कुठंच नव्हते. आत्या पुन्हा निवृत्त होणार नव्हती.

द्वारका रडली नाही. ती तशीच खुर्चीत बसून राहिली, आणि वर्गातल्या कुणीतरी जाऊन सरांना बोलावून आणलं.

विभागप्रमुख नानासाहेब सर जूनमध्येच या विभागात आले होते. पहिल्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखत होतं, ते अजून थांबलं नव्हतं. कॅसेट हातात घेऊन ते खिडकीशी गेले. कॅसेटच्या पाठीवर पिवळं काहीतरी लागलेलं होतं. त्यांनी बोटानं पुसलं, नाकाशी नेलं.

“हळद?”

मागून कुणीतरी म्हणालं, “भंडारा आहे सर. देवाचा.”

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. शेवटच्या बाकावर पुंजाराम बसला होता. देवगाव रंगारीचा, मेंढरामागच्या घरातला, त्या वस्तीवरनं कॉलेजात आलेला पहिलाच. त्याच्या कपाळावर भंडारा होता. रोजच असायचा.

“शनिवारी पाच वाजेपर्यंत कबूल कर,” सर म्हणाले. आवाज चढवायचं त्राणही त्यांच्यात नव्हतं. “नाही केलंस तर दाखला हातात देतो. घरी जा, मेंढ्या वळ.”

२

“आता केरबाचं सांगतो,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं घोंगडी गुडघ्यावर सारखी केली.

केरबा हा विभागाचा शिपाई. चाव्यांचा जुडगा कमरेला, गुडघ्यात कळ, अठ्ठावीस वर्षं तीच झाडलोट. तोही मेंढरामागच्याच घरातला. त्याच्या दोन गोष्टी साऱ्या कॉलेजात गाजलेल्या. पहिली म्हणजे कान. पावसाळ्यात तिकडं पैठणला नाथसागर धरणाचं दार उघडलं की केरबाला इथं बसून कळायचं. तीनशे मेंढरांतली एक खोकली तर तिचं नाव सांगायचा.

“मेंढ्यांना नावं असत्यात का, बाबा?” कडूबानं विचारलं.

“तुला हाय, तर त्यांना का नसावं?”

पोरं हसली. दुसरी गोष्ट म्हणजे ध्यान. केरबाच्या ध्यानातनं सुटलेली गोष्ट अजून जन्माला यायची होती. कोणती कॅसेट कोणत्या साली कोणी नेली, कोणी परत आणली, कोणाच्या डब्यात त्या दिवशी मेथी होती, सगळं त्याला पाठ. रजिस्टर हरवलं तर विभाग चालला असता, केरबा हरवला असता तर नाही.

तर सरांनी त्याला बोलावलं. “केरबा, चाव्या तुमच्याकडे असतात. त्या खोलीत कोण शिरलं होतं, तेवढं शोधा. माझ्यानं आता कुणाशी बोलवत नाही.”

केरबानं मान हलवली. त्याच्याकडंही एक गुपित होतं. काय, ते पुढं येईल.

त्यानं आधी दिवस मोजले. शनिवारी संध्याकाळी द्वारकानं कॅसेट सगळ्या वर्गाला दाखवली होती, म्हणजे तोवर ती धड होती. रविवार सुट्टी. सोमवारी खंडेनवमी, विभाग बंद, आत फक्त केरबा झाडलोटीला. मंगळवारी दसरा. गुरुवारी अकराला कॅसेट काळी. मधे उरला एकटा बुधवार.

“ती कॅसेट ठेवली कुठं होतीस, ताई?” त्यानं द्वारकाला विचारलं.

“टेबलावरच राहिली, काका. लेबल नव्हतं तिला. सर म्हणतात, एडिट झाल्यावरच लेबल लावायचं, नाहीतर लेबलं वाया जातात. नावाची चिठ्ठी डबीत होती.”

“अन् मागची ती बारकी खिट्टी? ती सरकवली की वरनं दुसरं काही भरत नाय म्हणत्यात.”

द्वारकानं पहिल्यांदा डोळे पुसले. “राहिलीच. चौदा तास उभी होते त्या दिवशी. उद्या सरकवू म्हटलं, उद्या सरकवू म्हटलं…”

म्हणजे कॅसेटला नाव नाही, कुलूप नाही. कुणाच्याही हातनं मरायला मोकळी.

“पुंजारामचं अन् तुझं वाजलं होतं ना?”

“शनिवारीच. आवाज त्यानं भरला होता. फिल्मच्या नावांच्या पाटीवर मी फक्त माझं नाव टाकलं. तो म्हणाला, माझ्या माइकशिवाय तुझी आत्या मुकी. मी म्हटलं, माझ्या आत्याशिवाय तुझा माइक मुका. सगळ्यांच्या देखत.” ती थांबली. “जाताना म्हणाला, बघतो मी पण.”

दार ढकलून बन्सी आत आला. बन्सीचा चेहरा पडलेला होता, आणि त्याच्या हातात दुसरीच एक कॅसेट होती.

३

बन्सी शहरातला. शहागंजातल्या एका स्टुडिओसाठी लग्नांचं शूटिंग करायचा. कधीकधी कॉलेजच्या कोऱ्या कॅसेटी त्याच्या पिशवीत आपोआप जाऊन बसायच्या.

“काका, हे परत ठेवा,” तो कुजबुजला. “सरांना बोलू नका. दसऱ्याला एक साखरपुडा होता, उसमें लगी थी. पण द्वारकाच्या कॅसेटला मी हात नाय लावला. आईशप्पत.”

“बुधवारी कुठं होतास?”

“दुकानात. पूरा दिन. साखरपुडा एडिट करत होतो. मालकाला विचारा, शिव्या देऊन सांगेल.”

केरबानं शहागंजात जाऊन विचारलं. मालकानं शिव्या देऊन सांगितलं. बन्सी बुधवारी सकाळी सातपासून रात्रीपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर होता.

मग राहिली आशा. वर्गात पहिली येणारी, मार्कातही आणि वेळेतही; शिंकसुद्धा दाबून द्यायची. विभाग आठला उघडायचा, ही सव्वाआठला दारात. द्वारकाची फिल्म बाद झाली तर पहिला नंबर हिचाच, हे कुणी न सांगताही सगळ्यांना कळत होतं.

“बुधवारी काय करत होतीस, आशाताई?”

“अभ्यास,” आशा म्हणाली. वहीचं पान उलटताना तिनं ते फाडलं.

केरबानं पुढं विचारलं नाही. थकलेल्या माणसाला कुणाला कधी सोडावं, ते कळतं.

पुंजाराम विभागाच्या मागच्या पायरीवर बसला होता. बॅग भरून शेजारी ठेवलेली.

“शनिवार अजून लांब हाय की रं,” केरबा त्याच्याजवळ टेकत म्हणाला.

“भरून ठेवली. उगं घाईत काही राहायला नको.” पुंजाराम हसला नाही. “काका, माझ्या जल्मातलं एकच काम बरं झालं होतं. ते बंद माइकवालं. द्वारकाच्या कॅमेऱ्याला ते ऐकू आलं नसतं. मला वाटलं, बाई आता काहीतरी बोलणार, म्हणून मी माझा माइक तिच्या पदराशी नेला. ते मी पुसीन?”

“मग ‘बघतो’ का म्हणालास?”

“बघतो म्हणजे सरांना सांगून बघतो, पाटीवर नाव घाला म्हणून.” त्यानं पायरीवरचा खडा उचलून लांब फेकला. “अन् भंडाऱ्याचं म्हणता, तर भंडारा काय जगात माझ्याकडंच हाय का?”

केरबाचा हात आपोआप कपाळाकडं गेला आणि तिथंच थांबला.

“बुधवारी मी इथं नव्हतोच की, काका. दसऱ्याला घरी गेलो होतो. साडेदहाला एसटीतनं उतरलो, अन् फाटकात कोण भेटलं? तुम्हीच. आईनं घोंगडी दिली होती ना तुमच्यासाठी?”

खरं होतं. देवगाव रंगारीच्या वस्तीवर पुंजारामची आई, बानाबाई, हिनं आपल्या मेंढ्यांच्या लोकरीचं सूत कातून ती विणून घेतली होती. माझ्या लेकाकडं लक्ष देता, तुमचे गुडघे दुखतात म्हणं, असा निरोप होता सोबत. केरबानं ती फाटकातच खांद्यावर टाकली होती.

“ते सरांना सांग की.”

“सांगितलं. सर म्हणाले, आई-बापाचं सोडून दुसऱ्या कुणाला विचारू? मी म्हटलं, केरबाकाकांना विचारा.” पुंजारामनं त्याच्याकडं पाहिलं. “तुम्ही सांगाल ना?”

केरबा गुडघा धरून उठला. साडेदहा ठीक, पण कॅसेट साडेदहाच्या आधी मेली की नंतर, हे कुणाला माहीत होतं?

४

कॅसेट काळी होती, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडं फक्त डोळ्यांनी पाहिलं होतं. एडिटिंगच्या खोलीतला स्पीकर तर गणपतीतच बंद पडलेला.

शुक्रवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, केरबानं दार आतून लावलं. दारावर त्याच्याच अक्षरातली पाटी होती: ‘चहा, उदबत्ती, पावडर आत आणू नये. मशीन खराब होते.’ त्यानं हेडफोन कानाला लावला आणि काळं चालू केलं.

आधी नुसती सूं. मग लांबवर एक ठोका. खट… खट… खट.

ते केरबानं लगेच ओळखलं. कोपऱ्यातल्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते दर फेऱ्याला जाळीला घासायचं. म्हणजे कॅसेट पुसली गेली ती याच खोलीत, पंखा चालू असताना. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर झाकण होतं, पण त्याचा कान उघडा होता. ज्यानं हे काळं भरलं त्याला वाटलं, आपण काहीच भरत नाही. पण खोली स्वतःला भरत होती.

केरबा ऐकत राहिला. एकदा खुर्ची सरकली. एकदा वहीचं पान उलटलं. कुणीतरी शिंकलं, बारीक, दाबून.

मग विसाव्या मिनिटाला पंखा दमला. खट… खट…… खट……… आणि थांबला. सूंसुद्धा गेली. पुढची चाळीस मिनिटं एवढी शांतता, की केरबाला आपल्याच कानातलं रक्त ऐकू आलं.

“हां!” कडूबा ओरडला. चहा उतू गेला. “लाइट गेली!”

“शाबास. चहा बघ.”

लाइट गेली. कॅमेरा बॅटरीवर, म्हणून तो चालत राहिला. आणि त्या आठवड्यात या भागाची लाइट बुधवारी सकाळी पावणेनऊला जायची. गुरुवारी जायची ती दुपारी, आणि तोवर तर कॅसेट काळी असल्याचा बोभाटा झालेला. पावणेनऊमधनं वीस मिनिटं वजा करा. बुधवारी आठ पंचवीसला कुणीतरी कॅमेऱ्याला झाकण लावून द्वारकाची कॅसेट त्यात घातली.

आठ पंचवीसला पुंजाराम एसटीत होता. बन्सी शहागंजात. द्वारकाची गाडी नऊच्या आत कधी आलीच नव्हती.

आणि शिंक दाबून देणारी, सव्वाआठला येणारी, वहीची पानं उलटणारी एकच मुलगी त्या विभागात होती.

केरबानं हेडफोन काढला. दाराच्या काचेबाहेर आशा उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

५

“मी मुद्दाम नाही केलं,” आशा आत येऊन म्हणाली. तिनं दार स्वतःच लावून घेतलं.

“मग?”

“सरांनीच शिकवलंय ना, काका. कोरी कॅसेट थेट वापरायची नाही. आधी झाकण लावून सबंध कॅसेटवर काळं भरायचं. मग एडिटला तिचे वेळेचे आकडे मधेच तुटत नाहीत. मला सोमवारपासून शूटिंग होतं, म्हणून बुधवारी एक भरून ठेवली. गुरुवारी द्वारकाच्या पडद्यावर काळं आलं तेव्हा मला कळलं, ते काळं माझंच.” ती दाराला पाठ लावून उभी राहिली. “तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण सगळे पुंजारामकडं बघायला लागले, अन् माझ्या तोंडातनं शब्दच फुटेना.”

“पण ती कोरी हाय असं तुला कुणी सांगितलं?”

आशानं त्याच्याकडं बघितलं.

“तुम्हीच, काका.”

केरबा खाली बसला.

“मी आल्या आल्या विचारलं, कोरी कॅसेट कुठाय? तुम्ही झाडत होतात. झाडता झाडताच म्हणालात, पिवळं लावलेली घे, ती कोरी. एका बाजूला नवी रास होती, सगळ्यांना पिवळं लागलेलं. टेबलावर एक होती, तिलाही पिवळं. मी जवळची घेतली.”

आता ते गुपित ऐका.

केरबाच्या घरात खंडेनवमीला आजवर कोयता, कात्री, काठी, सगळं पुजलं जायचं. ज्यावर पोट चालतं त्याला भंडारा लावायचा. केरबाचं पोट कॅमेऱ्यावर चालायचं. पण पावडरीला खोलीत बंदी, आणि ती पाटी त्यालाच लिहायला लावलेली. म्हणून दर खंडेनवमीला तो दार लावून गुपचूप पूजा करायचा. कॅमेऱ्याला नुसतं लांबनं ओवाळायचं, आणि नव्या कोऱ्या कॅसेटींच्या पाठीवर चिमूट चिमूट भंडारा. अठ्ठावीस वर्षांत कुणाला पत्ता नाही. जुन्या, भरलेल्या कॅसेटला तो कधी लावत नसे. त्यामुळं पिवळी ती कोरी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

फक्त त्या सोमवारी टेबलावर द्वारकाची कॅसेट दिसली. शनिवारी सगळ्यांबरोबर त्यानंही दारात उभं राहून ती पाहिली होती. त्या बाईनं बंद माइकला जवळ घेतलं तेव्हा त्याला आपला हॅंडल घासून गुळगुळीत झालेला झाडू आठवला होता. त्याला वाटलं, हिनंही एकतीस वर्षं माइकची चाकरीच केली की. हिच्याही कॅसेटला देव लागू दे. त्यानं डबी उघडली, कॅसेट काढली, कपाळाला टेकवली, आणि चिमूटभर भंडारा लावला. डबीतली चिठ्ठी खाली पडली. बुधवारी सकाळी त्यानं झाडून काढली ती तीच.

म्हणजे बघा. सरांनी शिकवलं ते बरोबर. आशानं केलं ते बरोबर. केरबानं जीव ओतून केलं तेही. आणि एवढं सगळं बरोबर करून बाईचा आवाज गेला.

“मी सरांना सांगते,” आशा रडत म्हणाली. “माझं वर्ष जाईल, जाऊ दे.”

“तू गप बस,” केरबा म्हणाला. “पुढचं मी बघतो.”

आणि शनिवार उजाडला.

६

टपरीवरचं कुणी आता हसत नव्हतं. म्हाताऱ्यानं कप उपडा केला.

“पाच वाजले. पुंजाराम बॅग घेऊन दारात. सर टेबलामागं, कपाळाला बाम लावलेला, समोर दाखला, फक्त सही बाकी. आणि केरबा आत गेला. असा! चाव्यांचा जुडगा टेबलावर आपटला, शेजारी भंडाऱ्याची पिशवी ठेवली अन् म्हणाला, साहेब, हा भंडारा माझा. पोरगं त्या वेळी एसटीत होतं, साडेदहाला मला फाटकात भेटलं, माझ्या खांद्यावरच्या घोंगडीला विचारा. काढायचंच असंल तर मला काढा. मग सरांनी दाखला टराटरा फाडला, उभे राहिले, केरबाचा हात धरला अन् त्याला आपल्या खुर्चीत बसवला.”

“खुर्चीत?” एक पोरगी हसली. “विभागप्रमुखांच्या?”

“बाबा, आता लई झालं,” कडूबा म्हणाला. “शिपायाला सायेबाच्या खुर्चीत? आमच्या गल्लीतबी कुणी एवढी मारत नाय.”

“बरं, स्टुलावर,” म्हातारा म्हणाला. “स्टुलावर बसवला. पण बसवला.”

सगळे हसले. फाटक उघडल्याचा आवाज आला, पण पलीकडच्या बाकावरचा गाडीवाला उठला नाही. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कपाळावर भंडाऱ्याचा पुसट पट्टा होता.

“स्टुलाचं सोडा,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण आवाजाचंच काम करणाऱ्या माणसासारखा नीट पोचला. “केरबा आत गेलाच नाय, अन् दाखला फाटलाबी नाय.”

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला.

“पंख्याचं मला माहीत नव्हतं. आशाचंबी नव्हतं. भंडारा कुणाचा, ते आज कळलं, वीस वर्षांनी, तुमच्याच तोंडून.” त्यानं कप खाली ठेवला. “पण पाच वाजता काय झालं ते मला ठाव हाय. मी दारातच होतो, बॅग घेऊन. केरबा माझ्या शेजारी, उंबऱ्याच्या बाहेर. जुडगा आपटला नाय, हातात नुसता वाजत होता. सर म्हणाले, हा मुलगा म्हणतो मी बुधवारी साडेदहाला आलो, तुम्हाला भेटलो. खरं का हो, केरबा?”

कडूबानं स्टोव्ह बारीक केला.

“मला वाटलं, सुटलो. ज्याला मेंढरांची नावं पाठ, त्याला हे तर पाठ असणारच. आईची घोंगडी होती खांद्यावर तुमच्या. तीच, आता बसलात ती.”

म्हाताऱ्याचा हात घोंगडीवर होता. त्यानं तो उचलला, आणि कुठं ठेवावा ते न कळून तसाच धरून राहिला.

“मग सांगा की यांना, केरबाकाका,” पुंजाराम म्हणाला. “खुर्ची, स्टूल सगळं सांगितलंत, तेवढंच राहिलं. काय म्हणालात सरांना?”

म्हाताऱ्यानं उपडा कप सरळ केला, पुन्हा उपडा केला.

“मीच सांगतो. ‘ध्यानात नाय, साहेब.’”